मिस्त्रींचा नळ

महाडला शाळेत रुजू झाले तेव्हा राहायला खोली शोधत आळी-आळीतून फिरत होते. एका दुकानदारानं सांगितलं, "तो पितळी नळ दिसतोय ना, त्या घरात विचारा. खोली चांगली आहे, उजेड आहे. माणूस मात्र जरा तऱ्हेवाईक आहे हं, बाई." नळ खरंच दुरून दिसत होता. आळीतल्या इतर नळांना पांढऱ्या दाढ्या फुटल्या होत्या, पोपडे धरले होते, आणि हा एक नळ अंगणात लखलखत उभा होता.

दार उघडलं ते साठीला टेकलेल्या, खाकी पँट आणि बनियन घातलेल्या एका काटक माणसानं. नाव-गाव काही विचारलं नाही. तांब्या-भांडं पुढं केलं आणि मी पिऊन होईपर्यंत ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"पाणी कसं लागलं?"

मी वाईची, कृष्णेच्या पाण्यावर वाढलेली. शिवाय उन्हात दोन तास फिरून वैतागलेले होते, गोड बोलायचं सुचलं नाही. "जड आहे हो," म्हटलं.

त्यांनी आत वळून हाक दिली, "ऐकलंस काय गो? खरं बोलणारं माणूस आलं. चाय टाक."

खोली मिळाली. पुढं कळलं की माझ्याआधी येऊन गेलेल्या दोघांनी पाणी छान आहे, गोड आहे म्हणून सांगितलं होतं आणि त्यांना खोली मिळाली नव्हती. चहा पिताना त्यांनी एकच अट घातली. "माझ्या घरात सगळं पाणी नळाचं. प्यायला, रांधायला, धुवायला. बाहेरनं घागर आणायची नाय." अट मला काही कठीण वाटली नाही. दारात नळ असताना बाहेर कोण कशाला जाईल?

आठ दिवसांत कळलं कोण आणि कशाला जातं ते. आळीत नळ आले होते ते टेकाडाखालच्या नव्या बोअरिंगचे. पाणी भरपूर, दिसायला काचेसारखं, पण असं जड की साबण लावावा तर फेसाऐवजी दह्यासारखा चोथा हाताला यायचा. पांढरी साडी दोन धुण्यांत पिवळी पडली. वाळत घातलेले कपडे काढायला गेलं तर उभे राहतील इतके ताठ. केसांत कंगवा शिरेना. चहावर तवंग धरायचा. नवा माठ घेतला, तो दोन महिने गार पाणी देऊन थांबला, कारण त्याची छिद्रंच क्षारानं बुजली. मिस्त्री त्याच्यावर हात फिरवून म्हणाले, "घाम यायचा बंद झाला याचा. आता याच्यात तांदूळ भरा."

आणि डाळ! डाळीचं दुःख मी कुणाला सांगू? कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी डाळ आपली डाळच. सोडा घालावा तर ती पिवळट लगदा व्हायची आणि वास मारायची. आळीतल्या बायका नळाच्या पाण्यानं धुणीभांडी करत आणि प्यायला, रांधायला पाणी आणत ते आळीच्या टोकाच्या विहिरीवरून. त्या विहिरीचं पाणी गोड, हलकं. सगळी आळी तिथं जायची. एक आमचं घर सोडून.

मिस्त्री हे काही त्यांचं आडनाव नव्हे. डेपोच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढली, म्हणून आळीनं दिलेली पदवी. तिथं त्यांचं काम इंजिनाचं, पण जीव सगळा रेडिएटरवर. कुठल्याही नळाचं पाणी ते गाडीत भरू देत नसत. कॅन आला की आधी त्यात बोट बुडवायचे, जिभेला लावायचे आणि मग हो किंवा नाय. ड्रायव्हर लोक चिडत, गाडीची वेळ व्हायची. "घाटात गाडी उकळली की लोक ड्रायव्हरला शिव्या देतात," मिस्त्री मला सांगायचे. "त्याचा काय दोष हाय? पाणी कुणी भरलं ते विचारा ना."

निवृत्त झाल्यावर गाड्या सुटल्या, बोट सुटलं नाही. माजघरातल्या एका फळीवर औषधाच्या रिकाम्या बाटल्यांची रांग होती आणि प्रत्येक बाटलीला चिठ्ठी. पाचाड. पोलादपूर. माणगाव. वरंध. ज्या गावाला जातील तिथलं पाणी भरून आणायचे. रविवारी मला बसवून, डोळे मिटायला लावून चमच्यानं पाजायचे आणि कुठलं ते ओळखायला सांगायचे. मला एकदाही ओळखता आलं नाही. त्यांचं मात्र कधी चुकलं नाही, काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मुद्दाम दोन बाटल्या एकत्र केल्या तरी ते म्हणाले, "वरंधात पाचाड कुणी ओतलं?" बाटली हिरवी पडली की ती तुळशीत रिकामी करून लगेच पिशवी उचलायचे. "पाचाडचं संपलं, जाऊन येतो." गडाच्या पायथ्याशी जाऊन, बाटली भरून, तिथं दोन भजी खाऊन परत. काकू म्हणायच्या, "लोकांचे नवरे दारू आणायला एवढे फिरत नाय."

काकू पोलादपूरकडच्या एका वाडीतल्या. माहेरी झरा. "आमच्याकडं डाळ चुलीला बघून शिजते," असं त्या हसत सांगायच्या, पण नळाबद्दल नवऱ्यासमोर वावगा शब्द काढायच्या नाहीत. डोकं रिठ्यानं धुवायच्या, भांडी राखेनं घासायच्या, आणि रोज सकाळी मिस्त्री आमसुलाच्या पाण्यानं नळ चोळायला बसले की त्यांना पाटही द्यायच्या.

एकदा मी त्यांना शाळेत बोलावलं. जड पाणी आणि हलकं पाणी असा धडा होता. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून, दोन बाटल्या आणि साबणाची वडी घेऊन आले. एका बाटलीत पोलादपूरचं पाणी, एकात घरच्या नळाचं. दोन्हीत साबण टाकून खळखळ हलवलं. पोलादपूर फेसानं भरून वर आलं आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री रागावले. "टाळ्या कुणाला वाजवता रे? फेसाला? ते पाणी आणायला मी दोन तास गेलो. हे दुसरं चावी फिरवली की येतं, कोण आहेस म्हणून विचारत नाय. याला वाजवा." पोरांनी त्यालाही वाजवल्या. मला तेव्हा ती नुसती गंमत वाटली होती.

मार्चात सत्याग्रहाच्या दिवशी तळ्यावर लांबलांबून माणसं येतात. त्या दिवशी मिस्त्री पहाटेपासून दारात पिंप लावून बसायचे. पिंप नळाला जोडलेलं, शेजारी घासलेले पेले. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून पाजायचे. "आमच्या घरचं हाय. जड हाय, पण प्या." माणसं पीत, तोंड वाकडं करत, हसत आणि पुन्हा पेला पुढं करत. एक म्हातारी, सोलापूरकडची असावी, तिनं पाणी पिऊन नळाला हात लावला आणि तोच हात डोळ्यांना लावला. मिस्त्री उठले आणि घासलेले पेले पुन्हा घासायला बसले.

माझे थोरले काका आले होते ती गोष्ट सांगायला हवी, जरी ती सांगताना मला लाज वाटते. पुतणी कुठं राहते ते बघायला हिवाळ्यात एका सकाळी आले. मिस्त्रींनी रिवाजाप्रमाणे तांब्या-भांडं ठेवलं. काकांनी भिंतीवरची तसबीर बघितली, दारावरचं आडनाव आठवलं असावं, आणि म्हणाले, "नको, आत्ताच स्टँडवर पाणपोईवर प्यालो." चहा? चहानं पित्त होतं. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "बरं केलंत. आमचं पाणी जड हाय, सगळ्यांना झेपत नाय." मी काही बोलले नाही. काकांना स्टँडवर पोचवायला गेले तेव्हाही नाही. काकांनी मला लहानाचं मोठं केलं होतं, हे खरं. पण तो मला आजही टोचणारा गप्पपणा आहे. दुसऱ्या दिवशी मिस्त्री नळ घासता घासता म्हणाले, "बाई, तुमचे काका खोटं बोलले. पाणपोई चैत्रात लागते." एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

पुढच्या वर्षी दिवाळी होऊन गेली आणि काकूंना कावीळ झाली. डोळे पिवळे, अन्नावरची वासना उडालेली. डॉक्टरांनी सांगितलं, तेल-तिखट बंद, सोडा बिलकुल नको, मऊ भात आणि चांगलं शिजलेलं वरण द्या. मऊ भात एक वेळ जमेल, पण वरण कुठून आणायचं? मिस्त्रींनी हरतऱ्हेचे उपाय केले. पाणी तीन तीन वेळा उकळायचं, निवळायचं, चौपदरी फडक्यातून गाळायचं. रात्रभर भिजवलेली डाळ सकाळपासून चुलीवर. तरी ती कण राखायचीच. काकू दोन घास घ्यायच्या आणि ओकायच्या. हाता-पायांच्या काड्या झाल्या. मिस्त्री वाटी घेऊन उशाशी बसायचे.

"खा गो थोडं."

"नाय उतरत. खडे लागतात."

एक दिवस मला राहवलं नाही. "मिस्त्री, टोकाच्या विहिरीची एक घागर आणू का? यांच्यापुरतीच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "बाई, तुम्ही भाडेकरू आहात," म्हणाले आणि वाटी धुवायला उठून गेले.

मला भयंकर राग आला. बाई इथं मरायला टेकली आणि याला नळाचा अभिमान! तसं काकूंना बोलूनही दाखवलं. काकू म्हणाल्या, "बसा. सांगते."

मिस्त्रींची आई गवताचे भारे विकायला शहरात यायची. तहान लागली की या विहिरीवर यायची. दोराला, पोहऱ्याला हात लावायचा नाही. लांब उभं राहायचं आणि कुणी दया येऊन घागरीत वरून पाणी ओतलं तर घ्यायचं. एकदा ती सकाळची उभी राहिली ती दुपारपर्यंत. बायका येत होत्या, भरून जात होत्या. शेवटी रिकामी घागर घेऊन चार कोस चालत परत गेली. तिच्याबरोबर सात वर्षांचं पोर होतं. "तेच हे," काकू म्हणाल्या. "या आळीत घर घेतलं ते मुद्दाम. आता तिथं कोण कुणाला अडवत नाय, ते यांना ठाव हाय. पण म्हणतात, अडवत नाय ही पण मेहेरबानीच. नळाची मेहेरबानी नसते."

राग गेला. पण काकूंचं पोट काही त्यानं भरणार नव्हतं. मिस्त्री रोज सकाळी सावित्री नदीच्या पुलापर्यंत फिरायला जात. दुसऱ्या दिवशी ते वळणाआड गेल्याबरोबर मी घागर उचलली आणि विहिरीवरून भरून आणली. माझ्या खोलीत, माझ्या स्टोव्हवर डाळ चढवली. तीन शिट्ट्यांत लोणी झालं. काकूंनी दोन वाट्या वरण खाल्लं आणि ते पोटात राहिलं.

मिस्त्रींनी वाटीच्या तळाशी उरलेलं वरण पाहिलं. "ही कुठं शिजली?"

"माझ्या स्टोव्हवर," मी म्हटलं. "नवा आहे ना, ज्योत चांगली आहे त्याची."

काकूंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मिस्त्री माझ्या खोलीत आले, स्टोव्हसमोर उकिडवे बसले. पंप मारला, पिननं भोक साफ केलं, काडी लावली आणि ज्योत बराच वेळ न्याहाळली. घागर मी पलंगाखाली चादर सोडून लपवली होती.

"चांगला हाय स्टो," ते म्हणाले. "आमच्यापेक्षा चांगला."

मला हसू आवरेना. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा माणूस मी एका स्टोव्हवर फसवला होता! त्या दिवसापासून हे रोजचं झालं. मिस्त्री पुलाकडे, मी विहिरीकडे. ते आळीत माझ्या स्टोव्हची तारीफ करत फिरायचे. एकदा वायसर बदलून दिला. पुढं तर माझा डबा घेऊन रॉकेलच्या रांगेत स्वतः उभे राहायला लागले. "तुमची शाळा असते, बाई. मला काय काम हाय?" काकूंसाठी शिजवलेल्या वरणातलं ते स्वतः मात्र घेत नसत. डाळीनं पोट फुगतं म्हणायचे आणि सुकटीच्या चटणीशी भाकरी खायचे. मी तेही खरं मानलं. दुसऱ्याला फसवण्यात गुंग असलं की आपण किती सहज फसतो ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

होळीपर्यंत काकू उंबऱ्यात बसून तांदूळ निवडू लागल्या. डोळे पांढरे झाले. डॉक्टर म्हणाले, अजून वर्षभर पथ्य सांभाळा. आणि उन्हाळ्यात माझी बदलीची ऑर्डर आली. पोलादपूरच्या पुढची शाळा.

काकूंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचा स्टो पण जाणार मग," आणि हसल्या, आणि डोळ्यांना पदर लावला. मी म्हटलं, शेजारच्या कुणाला सांगते, गुपचूप घागर आणून देईल.

"नको. आता गुपचूप काय नको," काकू म्हणाल्या. "बाई, यांना पहिल्या दिवसापासनं ठाव हाय."

"कशावरून?" मी विचारलं.

"वरण का खात नव्हते? पोट फुगतं म्हणून? डाळीशिवाय घास जात नव्हता यांना. माझ्यासाठी आलं ते येऊ दिलं, आपण त्या पाण्याला तोंड लावलं नाय. मला हे कळायला पाच महिने लागले." काकूंनी डोळे पुसले. "मी सांगितलंय त्यांना. बाई गेल्या की मी पण आपल्या नळाचंच खाणार. मरेन नायतर जगेन. एका घरात दोन पाणी नको मला."

"काय म्हणाले?"

"काय नाय. नळ पुसत बसले."

निघायच्या आधीचे चार दिवस मी फार अस्वस्थ होते. काकू बोलल्याप्रमाणे करणार यात शंका नव्हती. तो कण राखलेला घास त्यांच्या पोटात टिकणार नाही, हेही मी डोळ्यांनी बघितलेलं होतं. मिस्त्रींशी बोलावं म्हणून दोनदा अंगणात गेले आणि इकडचं तिकडचं बोलून परत आले. मी काय सांगणार होते त्यांना? काकांसमोर तोंड न उघडलेली मी.

निघायच्या दिवशी जेवायला त्यांच्याकडेच बोलावणं होतं. सामान बांधून झालं होतं, स्टोव्ह खोक्यात खिळे मारून बंद. पानावर बसले. काकूंनी भात वाढला, त्यावर वरण ओतलं. पिवळंधमक, एकजीव, पळीतून सरसर खाली येणारं वरण. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी मिस्त्रींच्या भातावर वरण ओतलं आणि स्वतःला वाढून घेतलं, पण हात लावला नाही. त्या नवऱ्याच्या हाताकडे बघत होत्या. मिस्त्रींनी भात कालवला, पहिला घास घेतला, चावला आणि गिळला. मग काकूंनी घास उचलला.

"बाई, स्टो तर तुमचा खोक्यात गेला," मिस्त्री म्हणाले. "डाळ कशी शिजली ते विचारा की."

"कशी शिजली?"

"सकाळी मी गेलो. कळशी घेऊन. चांगला उजाडल्यावर, पुढच्या रस्त्यानं." दुसरा घास हातातच राहिला होता. "सात वर्षांचा होतो तेव्हापासनं उत्तर तयार ठेवलं होतं. कुणी विचारलं, काय रे, इकडं कुठं, तर काय बोलायचं ते. आज घरातनं निघताना पण घोकत गेलो. फार मोठं उत्तर होतं."

"मग? कुणी विचारलं?"

"विहिरीला लागून घर हाय, त्या घरची सून तिथं धुणं धुवत होती. मी दोराला हात घातला, तशी तिनं मान वर केली. मी थांबलो. म्हटलं, आता विचारील." मिस्त्रींनी काकूंकडे पाहिलं. "ती बोलली, पोहरा जरा हळू सोडा. आत कासव आहे, त्याला लागतं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. हळू सोडला."

मला सांगावं की नाही कळेना, पण सांगितलं. "मिस्त्री, मी पहिल्या दिवशी गेले होते ना, तेव्हा तिनं मलाही हेच सांगितलं होतं. पोहरा हळू सोडा, आत कासव आहे, त्याला लागतं."

त्यांनी मान वर केली. "तुम्हाला पण?"

"हो."

"ह्याच शब्दांत?"

"ह्याच."

ते ताटाकडे बघू लागले. घास तसाच हातात.

"माझ्या आयला पण एवढंच सांगायचं होतं की त्यांनी," ते म्हणाले. "तिनं काय जोरात सोडला असता?"

काकूंनी जेवणाचा हात तसाच ठेवून डाव्या हातानं त्यांच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मिस्त्रींनी तो घास खाल्ला. ताटातला भात संपवला. मग ताट काकूंकडे सरकवलं.

"वाढ गो," म्हणाले, "अजून थोडं वरण."